आधी ओळख, मग आत

तमाम मराठी भाषकांना, आणि त्यातही कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँट शहरात एकमेकांच्या घरी न कळवता टपकणाऱ्यांना, अत्यंत गांभीर्यपूर्वक कळवण्यात येते की आमचे शेजारी श्री. अच्युत रिसबूड यांच्या दारात उभं राहून नुसतं ‘मी आलेय’ म्हटल्यास दार उघडलं जाणार नाही. येणाऱ्याने प्रथम आपला प्रकार सांगावा, मग ‘स्लॅश’, म्हणजे तिरकी रेघ, म्हणावं, मग उपप्रकार सांगावा. उदाहरणार्थ, ‘शेजारीण स्लॅश कोथिंबीर मागायला’. या नियमातून कुणालाही सूट नाही. नैसर्गिक आपत्तींनाही नाही.

हे शेवटचं मी अनुभवावरून सांगते. गेल्या वर्षी आमच्याकडे भूकंपाचा एक बऱ्यापैकी धक्का बसला. आमची आणि अच्युतकाकांची भिंत एकच. आमच्या बाजूच्या बरण्या खणखणल्या, तशी मी धावत जाऊन त्यांचं दार बडवलं.

“कोण? प्रकार सांग,” आतून आवाज आला.

“काका, भूकंप!”

“भूकंप स्लॅश काय?”

“स्लॅश चालू आहे!”

दार उघडलं. काका चपला घालून, गळ्यात चष्मा अडकवून तयार उभे होते. तोवर भूकंप संपला होता. “असं नीट सांगत जा,” ते म्हणाले. “आधी ओळख, मग आत.”

आधी ओळख, मग आत. हे वाक्य त्यांनी माझ्या नवऱ्याला, म्हणजे मिलिंदला, आमच्या लेकीला, सईला, पोस्टमनला आणि एकदा अंगणात शिरलेल्या रॅकूनलाही ऐकवलं आहे. रॅकून सोडून सगळ्यांनी ते पाठ केलं.

हे वेड नाही. हा धंदा आहे. अच्युतकाकांनी अख्खी नोकरी ग्रंथालयांच्या कॉम्प्युटरांत काढली. पुस्तकाचं नाव, लेखक, विषय, पानं ही सगळी माहिती कॉम्प्युटरला कळेल अशा साच्यात बसवायची आणि एका ग्रंथालयातून दुसऱ्यात धाडायची, हे त्यांचं काम. त्यात तिरक्या रेघेचं काय काम, हे त्यांनी मला समजावलं ते आमच्या फ्रीजसमोर उभं राहून. मी ताक करणार होते. दह्याचा मोठा डबा काढला, झाकण उघडलं, तर आत कालचं वरण.

“बघ,” काकांचा चेहरा उजळला. “डबा म्हणतो, मी दही. आत वरण. तू माणूस आहेस, तुला वास आला, तू थांबलीस. कॉम्प्युटरला वास येत नाही. तो वरणाचं ताक करेल.”

इंटरनेटवरून कुठलीही फाइल येते तेव्हा म्हणे तिच्यापुढे एक छोटी चिठ्ठी चालत येते. चिठ्ठीवर दोन शब्द आणि मधे तिरकी रेघ. चित्र स्लॅश अमुक, मजकूर स्लॅश तमुक. ती वाचून कॉम्प्युटर ठरवतो की येणारं प्रकरण दाखवायचं, वाजवायचं की वाचायचं. चिठ्ठीवर कुठले शब्द चालतील याची सगळ्या जगासाठी एकच यादी आहे. आपला नवा प्रकार त्या यादीत घालायचा तर रीतसर अर्ज करावा लागतो. आणि ज्या फाइलीला ओळखीची चिठ्ठीच नाही, तिच्याबद्दल कॉम्प्युटर खांदे उडवून म्हणतो, हे नुसते बाइट्स आहेत, ठेवून देऊ का?

‘नुसते बाइट्स’ ही काकांच्या तोंडची सर्वांत वाईट शिवी. फ्रीवेवर सिग्नल न देता घुसणारा ड्रायव्हर, निनावी फोन, मिलिंदची राजकारणावरची मतं, सगळं नुसते बाइट्स.

या शिवीनं एकदा आमच्या इथल्या मराठी मंडळात दुफळी माजवली. संक्रांतीच्या पॉटलकला, म्हणजे ज्यानं त्यानं घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, काका घरून चिठ्ठ्या छापून आले होते. प्रत्येक पदार्थापुढे एक. ‘उसळ / मटकी’. ‘वडी / तीळ, दाताला जपा’. लोकांना आवडलं. मग ते पोचले मंडळाचा अध्यक्ष मंदार याच्या ट्रेपाशी. मंदार सनीव्हेलला चिप डिझाइन करतो आणि तितक्याच धाडसानं स्वयंपाक करतो.

“हे काय आहे?” काकांनी विचारलं.

“असंच यार काका, पास्त्यात भरल्या वांग्याचा मसाला ट्राय केलाय. वर थोडं चीज. फ्यूजन.”

“म्हणजे पास्ता की वांगं?”

“तुम्ही म्हणाल ते.”

काकांनी खिशातून कोरी चिठ्ठी काढली, सुवाच्य अक्षरात लिहिली आणि ट्रेपुढे उभी केली: ‘नुसते बाइट्स’. त्या ट्रेला कुणी हात लावला नाही. मंदार तो जसाच्या तसा घरी घेऊन गेला, आणि ती गोष्ट तो विसरला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता शशीमावशी. शशिकला बर्वे. मंडळाचं ग्रंथालय म्हणजे त्यांच्या गॅरेजमधली कपाटं. दर शनिवारी सकाळी गॅरेजचं शटर वर जातं, मावशी घडीच्या खुर्चीत बसतात, थर्मासमधून चहा ओततात आणि लोक पुस्तकं बदलायला येतात. मावशींकडे कॅटलॉग नव्हता. त्यांच्याकडे डोकं होतं. तुम्ही एखादं पुस्तक मागितलं की त्या डोळे मिटत आणि म्हणत, “ते निळं. पाठ मोडलेलं. लेल्यांनी आणलेलं. त्यांच्या बॅगेत लोणचं फुटलं होतं, म्हणून शेवटची पानं अजून पिवळी आहेत. खालून दुसरा कप्पा.” आणि ते तिथंच असे. हुंगून पाहिलं तर लोणचंही असे.

काका पहिल्यांदा तिथं गेले त्या दिवशी मी बरोबर होते. त्यांनी कपाटं पाहिली. माणूस डॉक्टरच्या खोलीत स्वतःचा एक्स-रे बघतो, तशी.

“शशिकलाबाई, यांची वर्गवारी कशी केली आहे?”

“उंचीनं.”

“म्हणजे विषयवार नाही?”

“विषय उंच असले तर वर लावते.”

तिथून त्यांचं भांडण सुरू झालं. ते वर्षानुवर्षं चाललंय. काका दर शनिवारी बरोबर शटर वर जाण्याच्या वेळी पोचतात, लॅपटॉप उघडतात आणि एकेक पुस्तक नोंदवत जातात. मावशी दर पुस्तकामागे एक शेरा मारतात. “अहो रिसबूड, पुस्तकाची पानं मोजताय? वाचलं का कुणी, ते मोजा.” “अहो रिसबूड, चहा घ्या. चहा स्लॅश तुमच्यापुरता बिनसाखरेचा.” काका तो चहा नाक मुरडून घेतात. बिनसाखरेचा वेगळा थर्मास मावशी कधीपासून भरायला लागल्या, हे मी त्यांना एकदा विचारलं. “कोणता वेगळा थर्मास?” त्या म्हणाल्या. दोन थर्मास त्यांच्या पायाशीच होते.

एका शनिवारी सांता क्लाराहून एक मुलगा आला. मुलगा म्हणजे चाळिशीचा, पण आमच्याकडे इथं जन्मलेली सगळी मुलंच असतात. गाडीच्या डिकीतून त्यानं खोकी उतरवली आणि मावशींच्या पायाशी ठेवली.

“सॉरी, मावशी. हे डॅडचं. सम मराठी स्टफ. घर क्लियर करतोय. आय हॅव नो आयडिया व्हॉट इट इज.”

मी काकांकडे पाहिलं. आता शिवी येणार. आली नाही. काका खाली वाकले, वरचं पुस्तक काढलं आणि मावशींपुढे धरलं. मावशींनी डोळेही मिटले नाहीत.

“हे तर जोगळेकरांचं. तू त्यांचा मुलगा होय? अरे, हे तुझ्या बाबांनी बॅगेतून तुझ्या आईच्या साड्या काढून त्या जागी भरलं होतं. एअरपोर्टवर वजन करताना तिला कळलं. तिनं सबंध मंडळाला सांगितलं. पुढच्या गणपतीला ती जीन्स घालून आली आणि स्टेजवरून म्हणाली, माझ्या साड्या शेल्फवर आहेत.”

“मॉम सेड दॅट?” तो गॅरेजच्या पायरीवर बसला. हसायला लागला, मग हसणं थोडं वेडंवाकडं झालं. “टेल मी द होल थिंग.”

मावशींनी सगळं सांगितलं. जाताना त्यानं ते पुस्तक परत मागून नेलं. त्याला त्यातलं एक अक्षर वाचता येत नाही.

परतताना गाडीत काकांनी रेडिओ बंद केला. मग म्हणाले, “पुस्तकाच्या नोंदीचे जगात इतके साचे आहेत. मी त्यांच्यावरच पोट भरलं. पण एकातही ‘कोणाच्या बॅगेतून आलं’ याला जागा नाही.”

“टीप म्हणून लिहिता येत असेल की.”

“टीप म्हणजे माळा. टाकायचं आणि विसरायचं. मला खोली हवी, दाराची.” मग जरा थांबून, “सगळं त्या बाईच्या डोक्यात आहे. त्याचा बॅकअप नाही.”

हे त्यांनी पुढच्या शनिवारी मावशींच्या तोंडावरही सांगितलं. “शशिकलाबाई, तुमच्या डोक्याचा बॅकअप नाही.”

“तुमच्या तरी कुठे आहे?” मावशी म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्या सांगू लागल्या आणि काका टिपू लागले.

असा तो साचा जन्माला आला. त्यात लेखक, नाव, पानं वगैरे सभ्य गोष्टी आहेतच. त्याशिवाय एक घटक आहे, त्याचं अधिकृत नाव ‘बॅग’. कोणाच्या सामानातून आलं, कशाच्या जागी आलं, वाटेत काय सांडलं. न्यू जर्सीच्या आणि शिकागोच्या मंडळांनाही त्यांच्या पुस्तकांसाठी तो हवासा वाटला. काकांनी आपली यादी मोठ्या अभिमानानं न्यू जर्सीला पाठवली. तिथल्या कॉम्प्युटरनं ती पाहिली आणि विचारलं, हे नुसते बाइट्स आहेत, ठेवून देऊ का?

स्वतःच्या अपत्याला भर चौकात ही शिवी पडल्यावर कोण गप्प बसेल? काकांनी जागतिक यादीसाठी अर्ज करायचं ठरवलं.

त्या अर्जाचे दिवस म्हणजे आमच्या भिंतीला कान फुटायचे दिवस. त्यात एक कलम असतं, सुरक्षिततेचं: तुमच्या या प्रकारापासून कुणाला काय धोका होऊ शकतो? काकांच्या मते काहीच नाही. शनिवारी त्यांनी ते गॅरेजमध्ये बोलून दाखवलं, तर मावशी खुर्चीत सरसावून बसल्या.

“धोका नाही कसा? लेल्यांनी आणलेलं पुस्तक कुलकर्ण्यांच्या नावावर कसं, हे उद्या लेल्यांना कळलं तर?”

“कसं?”

“ते मी सांगणार नाही. पण धोका लिहा.”

काकांनी खरोखर लिहिला. ‘बॅग या घटकात खासगी स्वरूपाची माहिती असू शकते, ती प्रसिद्ध करण्यापूर्वी संबंधित कुटुंबांचे परस्परसंबंध विचारात घ्यावेत.’ मी वाचून खुर्चीवरून पडायची राहिले. ते म्हणाले, “हसतेस काय? हे कलम बरेच जण कोरं सोडतात. म्हणून जगाची ही अवस्था.”

असा अर्ज सगळ्यांसमोर ठेवतात. जगातल्या कुणीही ईमेलवर टपली मारावी. मग एक तपासनीस असतो, तो शंका विचारतो. आमच्या वाट्याला आलेला तपासनीस कुठल्या देशातला होता कोण जाणे, पण अतिशय सभ्य होता. त्यानं पहिली शंका काढली की बॅग म्हणजे नेमकं काय. काकांनी उत्तर धाडलं. त्यात विमानातल्या वजनाची मर्यादा होती, साड्या होत्या, लोणचं होतं. तपासनिसानं कळवलं, धन्यवाद, हे फारच स्पष्ट झालं.

दुसरी शंका मात्र लागली. त्यानं लिहिलं: या प्रकारात पुढे बदल करायचा अधिकार कोणाकडे असेल? संपर्कासाठीही तुमचंच नाव आहे, अधिकारासाठीही तुमचंच. तुमच्यानंतर याची जबाबदारी घेणारं दुसरं कुणी आहे का? नसेल तर काळजी नको. एका व्यक्तीपुरत्या प्रकारांसाठी यादीत वेगळी शाखा आहे. तिथं नोंदवता येईल.

त्या संध्याकाळी काका आमच्याकडे आले. “शेजारी स्लॅश अपमानित,” त्यांनी दारातच सांगितलं.

“झालं काय?”

“पर्सनल शाखेत जा म्हणतो. म्हणजे माझी एकट्याची हौस. लोक टपाल तिकिटं जमवतात तशी.” ते सोफ्याच्या कडेवर बसले. “बरं, चूक काय त्याची? कागदावर एकटाच दिसतोय मी.”

मग सुरू झाली दुसऱ्या नावाची शोधमोहीम. मराठी माणसाला तुम्ही रक्त मागा, तो देईल. त्याचं नाव कुठं घालतो म्हणालात, तर तो आधी वकिलाला फोन करेल. मिलिंदनं विचारलं, “काका, यात लायबिलिटी काय आहे? उद्या कोणी स्यू केलं तर?” काका म्हणाले, “कोण स्यू करणार, लोणचं?” मिलिंद म्हणाला, “तरी पण.” मंदारला विचारलं, तर तो गोड हसला. “व्हाय नॉट काका, पण मंडळाचं नाव द्यायचं तर प्रोसेस आहे यार. आधी सबकमिटी, मग जनरल बॉडी. आणि तुमचा हा प्रकार नक्की काय आहे, ते आधी कमिटीला कळायला पाहिजे ना. नाहीतर लोक म्हणतील, नुसते बाइट्स.” वांग्याचा हिशेब चुकता झाला.

मी स्वतःहून म्हटलं, “माझं नाव घाला.”

काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. “मराठी पुस्तक शेवटचं कधी उघडलंस?”

“उघडते की.”

“त्यात बिलं ठेवायला.”

मी नापास. सईनं मात्र खरं ते विचारलं. फोनमधून मान वर न काढता ती म्हणाली, “व्हाय डोन्ट यू जस्ट आस्क शशीआजी? शी नोज ऑल द बॅग्ज.”

काकांनी चष्मा पुसायला घेतला आणि तो पुरेसा स्वच्छ झाल्यावरही पुसत राहिले.

“त्या नाही म्हणतील,” ते म्हणाले.

“आणि हो म्हणाल्या तर?” मी विचारलं.

“नाही म्हणाल्या, तर मग शनिवारी तिथं जाऊन बसायचं कसं?”

ते उठून गेले. दरवेळी जाताना ते ‘निरोप स्लॅश आभार’ म्हणतात. त्या दिवशी विसरले.

यातच त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आलं. मोतीबिंदू. मोठं काही नाही, सकाळी जायचं, दुपारी घरी. फक्त गाडी चालवायला दुसरं कुणी हवं, म्हणून मी गेले. काउंटरवरच्या मुलीनं एकेक प्रश्न विचारला, काकांनी एकेक नेमकं उत्तर दिलं. औषधं, ॲलर्जी, सगळं प्रकार-उपप्रकारासकट. मग तिनं विचारलं, “इमर्जन्सी कॉन्टॅक्ट?”

काकांनी धडाधड एक नंबर सांगितला. तिनं टाइप केला. “नाव?”

“हेल्प डेस्क,” काका म्हणाले.

ते जिथून रिटायर झाले त्या ग्रंथालयाचा हेल्प डेस्क. मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं.

“ते फोन उचलतात,” काका मला मराठीत म्हणाले. “नियमानं.”

“काका, माझा नंबर द्या.”

“तू डिसेंबरात पुण्याला जातेस.”

“आता डिसेंबर आहे का?”

“डिसेंबर येतो,” ते म्हणाले, आणि त्यांना आत बोलावलं.

मी तिथं बसून राहिले. दार, फ्रीज, फोन, पॉटलक, सगळ्यांवर या माणसानं चिठ्ठ्या लावल्या. मला ते आजवर विनोदी वाटत होतं, आणि आहेच. पण तेव्हा माझ्या ध्यानात आलं की इतक्या वर्षांत ते आमच्याकडे कधीच नुसते आले नव्हते. ‘शेजारी स्लॅश चुकून आलेलं टपाल’. ‘शेजारी स्लॅश डबा परत’. एकदा तर डबा त्यांचाच होता. रेघेपलीकडे नेहमी काहीतरी काम असायचंच. नसलं तर घरातून तयार करून आणलेलं असायचं.

दुसऱ्या दिवशी बेल वाजली. दारात काका, एका डोळ्यावर प्लॅस्टिकची जाळीदार पट्टी.

“प्रकार?” मी खोडसाळपणे विचारलं.

“भेट,” ते म्हणाले. “भेट स्लॅश…”

आणि पुढे काही आलंच नाही. ते उभे राहिले, मीही. हातात टपाल नव्हतं, डबा नव्हता.

“या आत,” मी म्हटलं. चहा केला. त्यांनी तो साखरेचा होता तरी प्यायला.

आता माझ्या स्वभावाबद्दल दोन शब्द. मला लोकांच्या भानगडीत पडायला आवडतं. काहींना गिर्यारोहण आवडतं, तसं. त्या शनिवारी काकांना ड्राइव्ह करायची परवानगी नव्हती, म्हणून मी त्यांना गॅरेजवर सोडायला गेले. सोडायला म्हणजे सोडून थांबायला. तपासनिसाला उत्तर द्यायची वेळ टळत आली होती. काकांनी लॅपटॉपवर लिहूनही ठेवलं होतं: ‘दुसरे नाव उपलब्ध नाही. वैयक्तिक शाखा मान्य.’ फक्त पाठवायचं बाकी होतं.

मावशी कपाटाकडे तोंड करून पुस्तकं पुसत होत्या. मंदार पुस्तक बदलायला आला होता. काका एका डोळ्यानं लॅपटॉप उघडत होते. गॅरेजमध्ये पुरेसे श्रोते जमल्याची खात्री करून मी घसा साफ केला.

“मावशी, ऐकलंत का? काकांचा साचा पर्सनल शाखेत चाललाय. दुसरं नाव मिळत नाही म्हणून.”

“मेधा,” काका म्हणाले. मेधा म्हणजे मी. त्यांच्या आवाजात धमकी होती.

“मिलिंद घाबरला, मंदारची सबकमिटी बसायचीय, मी नापास. कुणी उरलंच नाही.”

“काका, मी तसं नाही म्हटलं यार,” मंदार पुटपुटला. “नेक्स्ट मीटिंगला घेऊ या ना.”

मावशींचं फडकं थांबलं नव्हतं. “मिळत नाही की विचारलं नाही?” त्या कपाटालाच म्हणाल्या.

“आणि हॉस्पिटलात,” मी पुढे रेटलं, “इमर्जन्सी कॉन्टॅक्ट म्हणून काय दिलं, माहितेय? हेल्प डेस्क.”

“ही माहिती खासगी स्लॅश आरोग्य आहे!” काका कडाडले. त्यांना चिडलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि चिडतानाही त्यांनी उपप्रकार सोडला नाही. “सुरक्षिततेचं कलम मी उगाच नाही लिहिलं. कोणी काय कुठे सांगावं याला काही…”

फडकं थांबलं. मावशी वळल्या. हातात ते निळं, पाठ मोडलेलं पुस्तक होतं, लेल्यांचं, लोणच्याचं.

“हेल्प डेस्क म्हणजे कोण?” त्यांनी विचारलं.

“जो ड्यूटीवर असेल तो,” काका खाली बघत म्हणाले.

“त्याला तुम्ही चहात साखर घेत नाही हे माहितेय?”

काका डोळ्यावरची पट्टी चाचपत राहिले. मंदारनं, देव त्याचं भलं करो, आयुष्यात प्रथमच योग्य वेळी तोंड बंद ठेवलं.

इथं मी थांबून एक सांगते, म्हणजे तुम्ही नंतर मला फोन करून विचारायला नको. तो प्रकार आज जागतिक यादीत आहे. पर्सनल शाखेत नाही, मंडळांच्या कामाचा म्हणून, ताठ मानेनं. तपासनिसानं दुसरं नाव पाहिलं आणि एका ओळीत कळवलं की आता त्याला काही शंका नाही. न्यू जर्सीचा कॉम्प्युटर आमची यादी उघडतो आणि कुणाच्या साड्यांच्या जागी काय आलं ते मुकाट्यानं दाखवतो. काकांचं दार अजूनही प्रकार सांगितल्याशिवाय उघडत नाही. अपवाद एकच व्यक्ती, आणि ती बेलही वाजवत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या शनिवारी त्या गॅरेजमध्ये काका लॅपटॉपवरच्या त्या ओळीकडे एका डोळ्यानं बघत बसले होते. “शशिकलाबाई,” त्यांनी सुरुवात केली, “तुमची हरकत नसेल तर, म्हणजे यात लायबिलिटी काही नाही, फक्त कधी कुणी बॅगेबद्दल विचारलं तर…” आणि वाक्य तिथंच अडकलं, परवा आमच्या दारात अडकलं होतं तसंच.

शशीमावशींनी ते निळं पुस्तक त्यांच्या लॅपटॉपवर आपटलं. त्या जे बोलल्या ते गल्लीच्या टोकाला गाडी धुणाऱ्या माणसानंही ऐकलं असेल, मराठी येत नसूनही.

“मी काय मेलेय का, रिसबूड? माझं नाव घाला. दोन्हीकडे!”